शंभर रुपयांची कपात

केंद्र सरकारचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प पंचेचाळीस लाख कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेपुढे उभे राहून 'एका मागणीतले शंभर रुपये कमी करा' असे म्हणणारी एक जण आपल्या संसदेत आणि विधानसभेत दर वर्षी येते. तिचे नाव कपात सूचना. ती शंभर रुपये वाचवायला आलेली नसते, हे तिला माहीत असते, मंत्र्यांना आणि अध्यक्षांनाही माहीत असते. तिला बोलायचे असते. पैसे मंजूर करण्याआधी एक गाऱ्हाणे ऐकून घ्या, एवढाच तिचा हट्ट.

दिसायला ती अगदी साधी. खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा सुरू होण्याआधी सदस्यांना कपात सूचनांची यादी वाटतात, त्या यादीत ती दोन-तीन ओळींत मावते. अमुक शीर्षाखालील मागणी शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी, हे पहिले वाक्य सगळ्यांचे सारखे. त्याखाली कंसात तिचे खरे बोलणे असते. अमुक ठिकाणी अमुक सोयीची गरज, किंवा अमुक योजना राबवण्यात आलेले अपयश. गरज आणि अपयश या दोन शब्दांवर पानेच्या पाने भरतात. दवाखान्यातली रिकामी पदे, पीकविम्याचे अडकलेले पैसे, वसतिगृहातले पाणी, अर्धवट राहिलेला कालवा, गाडीला हवा असलेला थांबा. अर्थमंत्र्यांच्या भाषणात देश टक्क्यांनी येतो, या यादीत तो गावागावाने येतो. मला ती यादी अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा जास्त वाचनीय वाटते.

तिच्या दोन थोरल्या बहिणी आहेत. पहिली धोरण कपात. ती मागणी थेट एक रुपयावर आणायला सांगते, म्हणजे या खात्याचे धोरणच आम्हाला अमान्य आहे असे जाहीर करते. दुसरी काटकसर कपात. एवढी उधळपट्टी होते आहे, एवढी रक्कम वगळा, असा तिचा रोखठोक हिशेब असतो. दोघींचा आब मोठा, पण त्या येतात क्वचित. रोज येणारी ही धाकटी, जिला नियमांच्या पुस्तकात सांकेतिक कपात म्हणतात. सरकारच्या जबाबदारीतले एक नेमके गाऱ्हाणे वेशीवर टांगणे, हे तिचे काम त्या पुस्तकानेच ठरवून दिले आहे.

तिच्या वागण्याबोलण्याचे नियम वाचले की तिच्याविषयी आदर वाटू लागतो. लोकसभेच्या कामकाजाचा नियम २१० हा जवळजवळ तिचा स्वभावच आहे. तिने एकाच मागणीविषयी बोलायचे. एकच विषय धरायचा आणि तो नेमक्या शब्दांत मांडायचा. तिच्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, कोणाला विशेषणे लावणे नको, कोणाची बदनामी नको. न्यायालयात चाललेल्या प्रकरणाला हात लावायचा नाही. याच अधिवेशनात निकालात निघालेला विषय उकरून काढायचा नाही. क्षुल्लक गोष्टीसाठी यायचे नाही. आणि चर्चेच्या आदल्या दिवसापर्यंत नोटीस देऊनच यायचे, म्हणजे समोरच्याला उत्तराची तयारी करता येईल. ज्या सभागृहांत टोमण्यांवर बाके वाजतात, तिथे उपरोधाची मुभाच नसलेले हे एक आयुध आहे. म्हणून तिचा प्रश्न टाळणे अवघड असते. चिडायला तिने काही निमित्तच ठेवलेले नसते.

तिला एक मोठी अडचण जन्मतःच आहे. तिला कमी करा म्हणता येते, वाढवा म्हणता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ११३ लोकसभेला मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करून मान्य करण्याचा अधिकार देतो. विधानसभेला तोच अधिकार अनुच्छेद २०३ ने मिळतो. वाढवून मागण्याचा अधिकार सभागृहाला नाही, कारण पैशाची मागणी सरकारच करू शकते. त्यामुळे ज्या आमदाराला आपल्या ग्रामीण रुग्णालयासाठी डॉक्टर हवेत, त्याला आरोग्य खात्याचे शंभर रुपये कमी करा असे लिहून द्यावे लागते. आमदारही ते लिहून देतात आणि मंत्रीही त्याचा अर्थ बरोबर ओळखतात. कमी करण्याच्या भाषेत हवे ते मागण्याची ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात कोणाची फसवणूक नाही.

काही दारे तिला बंदच आहेत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत खर्चापुढे 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन रकाने असतात. दत्तमत म्हणजे सभागृहाच्या मताने मिळणारे पैसे. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, महालेखापरीक्षकांचे वेतन आणि सरकारी कर्जावरचे व्याज भारित. त्यावर चर्चा होऊ शकते, मत घेतले जात नाही, म्हणून कपात सूचनाही देता येत नाही. २०२३-२४ मध्ये केंद्राच्या रुपयातले वीस पैसे व्याजाकडे गेले. तेवढ्या भागात तिला पाऊल टाकता येत नाही.

तिचे घराणे मात्र मोठे आहे. आधी गाऱ्हाणे ऐका, मग पैसे घ्या, हा इंग्लंडच्या पार्लमेंटचा राजाशी झालेला जुना झगडा. त्यातून शंभराची कपात आली आणि एकदा तिने सरकारही घालवले. २१ जून १८९५ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये सैन्याला कॉर्डाइट या स्फोटकाचा साठा पुरेसा नाही, या मुद्द्यावर युद्धमंत्री कॅम्बेल-बॅनरमन यांच्या वेतनातून शंभर पौंड कमी करण्याची सूचना मांडली गेली. सरकारला वाटले नेहमीचे कामकाज आहे. मते मोजली तेव्हा सूचनेच्या बाजूने १३२ आणि विरोधात १२५ निघाली. सात मतांनी हरलेल्या पंतप्रधान रोझबेरींनी राजीनामा दिला.

आपल्याकडे तिला यायला वेळ लागला. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा त्यांना मत द्यायचा अधिकार नव्हता आणि सूचना मांडायचाही नव्हता. फक्त बोलायचे आणि खाली बसायचे. त्या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी यांनी लावून दिलेले आकडे होते आणि गोखल्यांचा प्रश्न सरळ होता. लोक दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेले असताना सरकारकडे शिल्लक उरते कशी? उरत असेल तर ती करांचा बोजा जास्त असल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, हे त्यांचे मागणे होते. पुढच्याच वर्षी तो कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. हाती एकही आयुध नसलेल्या माणसाने नुसत्या बिनचूक आकड्यांवर जे केले, ते मला कपात सूचनेचे आपल्या भूमीतले मूळ वाटते. १९१९ च्या कायद्याने काही मागण्यांवर मत मिळाले आणि १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या स्वराज पक्षाने केंद्रीय विधिमंडळात मागण्या फेटाळूनही दाखवल्या. व्हाइसरॉयला त्या परत बसवता येत होत्या, त्याने त्या बसवल्या. १९५० नंतर तसे वरून परत बसवणारे कोणी उरले नाही.

आता ती काम करते कशी ते पाहू. महाराष्ट्र विधानसभेत मागण्यांचा दिवस असतो तेव्हा खात्यांची अक्षरे ठरलेली असतात. सार्वजनिक बांधकामाची एच, सार्वजनिक आरोग्याची आर, आदिवासी विकासाची टी. दिवसभर प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे यांत वेळ जातो आणि मागण्या संध्याकाळवर येतात, कधी रात्रीवर. खुर्चीत तालिका अध्यक्ष असतात. बाके विरळ झालेली असतात. पत्रकार कक्षातली गर्दी केव्हाच बातमी देऊन गेलेली असते. अशा वेळी एखादा पहिल्यांदा निवडून आलेला आमदार हातात कागद घेऊन उभा राहतो. 'अध्यक्ष महोदय, मी माझ्या कपात सूचनेवर बोलण्यासाठी उभा आहे.' मग तो आश्रमशाळेचे नाव घेतो. मुलींच्या वसतिगृहाची इमारत कोणत्या वर्षी मंजूर झाली, पाया कुठवर आला, ठेकेदाराला बिल कोणत्या महिन्यात दिले गेले आणि मुली आज कोणाच्या भाड्याच्या खोलीत झोपतात, ते सांगतो. दोन मिनिटांत घंटा वाजते. 'संपवा, सन्माननीय सदस्य.' तो आणखी एक वाक्य मागून घेतो.

त्या वेळी पाहायची ती अधिकाऱ्यांची गॅलरी. आमदाराने बिलाचा महिना सांगितला की तिथे हालचाल होते. एक अधिकारी मागे वळून दुसऱ्याला विचारतो, फाइल उघडते, चिठ्ठी लिहिली जाते आणि शिपायामार्फत मंत्र्यांच्या बाकापर्यंत येते. मुंबईतल्या त्या गॅलरीतून जिल्ह्याच्या कार्यकारी अभियंत्याला फोन जातो. ज्या कामाची चौकशी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालूनही होत नव्हती, त्याची माहिती अर्ध्या तासात मंत्र्यांच्या हातात पडते. शंभर रुपयांची ताकद असेल तर ती या चिठ्ठीत आहे. मंत्री उत्तराला उभे राहतात, काही सूचनांची दखल घेतात, काहींना लेखी उत्तर देऊ म्हणतात, आणि शेवटी सदस्यांनी सूचना मागे घ्याव्यात अशी विनंती करतात. मागे घेतल्या नाहीत तर त्या मताला टाकल्या जातात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. 'नाही'चा आवाज मोठा येतो आणि त्या पडतात. पण 'तपासून घेऊ', 'या वर्षात पूर्ण करू' असे मंत्री सभागृहात बोलले असतील तर ते कामकाजाच्या वृत्तांतात उतरते, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. हरलेल्या सूचनेमागे एवढे राहते, आणि ते थोडे नाही.

सरकारी पैशाच्या चोरीचा विचार केला की तिची खरी किंमत कळते. घोटाळा म्हटला की आपल्याला महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि लोकलेखा समिती आठवते. दोन्ही मोलाच्या संस्था. पण त्यांचे काम सुरू होते पैसे गेल्यावर, बहुतेक वेळा काही वर्षांनी. चारा घोटाळ्याचे उदाहरण घ्या. बिहारच्या कोषागारांचे मासिक हिशेब उशिरा येतात आणि हे लक्षण बरे नाही, असे १९८५ मध्येच तेव्हाचे महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी राज्याला कळवले होते. पशुसंवर्धन खात्याच्या नावावर विधानसभेने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे वर्षानुवर्षे निघत राहिले. न आलेला चारा, न आलेली औषधे, खोटी बिले. जनावरांच्या वाहतुकीच्या बिलांवरचे ट्रकांचे क्रमांक तपासले तेव्हा त्यांतले काही स्कूटरचे निघाले. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले तेव्हा कुठे ते सारे उघड्यावर आले. मधली अकरा वर्षे दर मार्चमध्ये त्या खात्याची मागणी सभागृहापुढे येत होती. मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला, हा प्रश्न शंभर रुपयांच्या एका सूचनेत सहज बसला असता. एका सूचनेने चोर सापडला असता असे मी म्हणत नाही. पण मंत्र्यांना त्या शीर्षाखाली उभे राहून उत्तर द्यावे लागले असते, ते छापले गेले असते, आणि पुढच्या वर्षी तेच उत्तर देणे कठीण झाले असते.

बँकेत पैसे देण्याआधी सही ताडून पाहणारा कारकून आणि वर्षअखेरीला येणारा लेखापरीक्षक, दोघेही लागतात. आपण दुसऱ्याला नावाने ओळखतो, पहिल्याकडे आपले लक्ष नाही.

पैसे देताना न विचारणे आपल्या राज्यातही घडले आहे. २०११-१२ च्या महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणी अहवालात दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे छापून आले आणि राज्य हादरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वेगळे आकडे मांडले, वाद पुढे अनेक वर्षे चालला. कोणाचा आकडा खरा, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. त्या दहाही वर्षांत पाटबंधाऱ्यांच्या मागण्या याच सभागृहाने मंजूर केल्या होत्या. किती हेक्टर भिजले, हे पैसे देताना दर वर्षी विचारायचे होते. ते एका अहवालातल्या तक्त्याने विचारले.

मग कपात सूचना दुबळी का झाली? पहिले कारण वेळ. मागण्यांच्या चर्चेला दिवस नेमून दिलेले असतात आणि शेवटच्या दिवशी ठरलेल्या घटकेला अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. दोन-चार खात्यांवर चर्चा होते, बाकीची त्या पात्याखाली जातात. कधी कधी चर्चा एकाही खात्यावर होत नाही. १४ मार्च २०१८ ला लोकसभेने साऱ्या मागण्या आणि वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर केले. २३ मार्च २०२३ ला मागण्या पुन्हा तशाच मंजूर झाल्या, पंचेचाळीस लाख कोटींच्या खर्चावर एकाही मंत्र्याला उत्तर द्यावे लागले नाही. याचा दोष मी एकट्या सरकारला देणार नाही. वेलमध्ये उतरून घोषणा देणाऱ्या विरोधकांनी आपल्याच हातातली शेकडो गाऱ्हाणी त्या दिवशी सोडून दिली. सरकारला चर्चा नको असेल तर विरोधकांच्या गोंधळासारखी मदत दुसरी नाही.

दुसरे कारण पक्षादेश, म्हणजे व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिपविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. सूचना मंजूर झाली तर सरकारवरचा अविश्वास मानायचा हा संकेत आहे, त्यामुळे सत्ताधारी पक्ष व्हिप काढतो आणि आपल्याच मतदारसंघातल्या गाऱ्हाण्याविरुद्ध त्याचे सदस्य 'नाही' म्हणतात. २७ एप्रिल २०१० ला इंधनाच्या आणि खतांच्या दरवाढीवरून विरोधकांनी लोकसभेत कपात सूचना मतदानापर्यंत नेली. ती २०१ विरुद्ध २८९ मतांनी पडली. पण जाताना ती भलत्याच ठिकाणी घाव घालून गेली. झारखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिबू सोरेन खासदारही होते. रांचीत त्यांचे सरकार भाजपच्या पाठिंब्यावर उभे होते आणि दिल्लीत त्यांनी मत दिले केंद्राच्या बाजूने. भाजपने पाठिंबा काढून घेतला आणि मे संपता संपता सोरेन यांना राजीनामा द्यावा लागला.

तिसऱ्या कारणात आम्ही लिहिणारेही येतो. विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे फलक आणि घोषणा कॅमेऱ्यात येतात. आत रात्री नऊ वाजता आश्रमशाळेचा पाया मोजणारा आमदार कोणाच्या बातमीत येत नाही. ज्याची बातमी होत नाही ते काम पुढच्या वेळी तो तरी कशाला करील?

मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते. संचित निधीतून पैसे काढायचा कायदा तोच, आणि त्यात रकमेला किंवा तिच्या वाटेला धक्का लावणाऱ्या दुरुस्तीला राज्यघटनेने मनाई केलेली आहे. बोलायचे, अडवायचे, विचारायचे ते सगळे त्याआधी, म्हणजे तिच्याच वेळेत. ती वेळही किती अपुरी. लोकसभेत मागणी चर्चेला आली की पीठावरून जाहीर होते, ज्यांना आपल्या कपात सूचना मांडायच्या आहेत त्यांनी पंधरा मिनिटांत त्यांचे क्रमांक लिहून चिठ्ठी पटलावर पाठवावी. जे सदस्य हजर असतील आणि चिठ्ठी पाठवतील त्यांच्याच सूचना मांडल्या गेल्या असे धरतात. बाकीच्या यादीत छापलेल्या राहतात आणि तिथेच संपतात. कोणी किती क्रमांकांच्या सूचना मांडल्या ते लोकसभेच्या वृत्तांतात सदस्याच्या नावासह नोंदलेले असते आणि ते वृत्तांत कोणालाही वाचायला खुले आहेत. येत्या मार्चमध्ये आपल्या खासदाराचे नाव त्यात शोधा. सापडले तर त्यांना तसे कळवा, आणि नाही सापडले तरी कळवा.